दहा हजार वर्षांपूर्वीचे एक गाव

१. जात्याची घरघर



माझ्या लहानपणी मला पहाटे कोंबडा जागे करीत नसे. जात्याची घरघर जागे करी. आई अंधारात उठायची. चिमणी लावायची. पदर खोचून जात्याशी बसायची. तांबडे फुटेपर्यंत घरातल्या नऊ माणसांच्या भाकरीचे पीठ पडलेले असायचे. तिच्या तळहातांना घट्टे पडले होते. उतारवयात तिचे गुडघे धरले. उठताना ती जमिनीला हात टेकायची आणि म्हणायची, "दळून दळून गेले रे माझे गुडघे!" आम्ही ते ऐकायचो आणि सोडून द्यायचो.

पुढे मी मास्तर झालो. मुलांना इतिहास शिकवला. राजे शिकवले, लढाया शिकवल्या, सनावळ्या पाठ करून घेतल्या. पण दळणाऱ्या बाईचा धडा काही त्या पुस्तकांत नव्हता. नोकरी संपल्यावर वाचायला सवड मिळाली. तेव्हा एका फार जुन्या गावाची हकीकत वाचनात आली. ती वाचली आणि मला आईचे गुडघे आठवले. आज तीच हकीकत तुम्हांला सांगतो.

२. गाव कुठे होते?

आपल्या देशाच्या पश्चिमेला अरबी समुद्र आहे. समुद्रापलीकडे अरबस्तान. त्याच्या उत्तरेला इराक आणि सीरिया असे दोन देश आहेत. या दोन्ही देशांतून युफ्रेटिस नावाची मोठी नदी वाहते. सीरियात या नदीच्या काठी एक टेकाड होते. त्याचे नाव अबू हुरेरा.

हे टेकाड डोंगराचे नव्हते. ते माणसांच्या राहण्याने तयार झाले होते. ते कसे? आपल्याकडे जुन्या गावठाणाला पांढर म्हणतात ना, तशातला हा प्रकार. मातीचे घर पडते. ती माती सारखी करून तिच्यावरच नवे घर बांधतात. तेही शंभरेक वर्षांत पडते. पुन्हा त्यावर तिसरे. अशी शेकडो वर्षे गेली की जमीन उंच होत जाते. अबू हुरेऱ्याची पांढर सुमारे २८ एकर पसरली होती. काही ठिकाणी मातीचे थर ८ मीटर, म्हणजे २६ फूट जाड होते. घरावर घर रचले जाऊन हे टेकाड झाले होते.

पुढे सीरियाच्या सरकारने त्या नदीवर मोठे धरण बांधायला घेतले. टेकाड पाण्याखाली जाणार हे ठरले. गाव पाण्याखाली जाणे म्हणजे काय, हे आपल्याकडच्या धरणग्रस्त मंडळींना वेगळे सांगायला नको. तेव्हा अँड्र्यू मूर नावाचे इंग्रज संशोधक घाईने तेथे आले. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी १९७२ आणि १९७३ या दोन वर्षी तेथे उत्खनन केले. उत्खनन म्हणजे जमीन बेताबेताने खणून जुन्या वस्तू शोधणे. वेळ थोडा, जागा मोठी. त्यामुळे टेकाडाचा अगदी थोडाच भाग खणता आला. १९७४ पासून पाणी चढू लागले आणि टेकाड बुडाले. ते आजही तलावाच्या पाण्याखाली आहे.

पण बुडण्याआधी त्या गावाने पुष्कळ काही सांगून ठेवले.

३. जळलेले दाणे वाचले

तुम्ही म्हणाल, त्या लोकांना लिहिता येत होते काय? नाही. लिपीचा शोध लागायला अजून हजारो वर्षे होती. मग ते काय खात होते, काय पेरत होते, हे आपल्याला कळले कसे?

ते कळले जळलेल्या दाण्यांवरून. चुलीशी बसलेल्या बाईच्या हातून चार दाणे विस्तवात सांडतात. काही दाण्यांची राख होते. काही नुसते करपून कोळसा होतात. साधा दाणा मातीत कुजतो, त्याला किडा-मुंगी खाते. पण कोळसा झालेल्या दाण्याला कीड लागत नाही. तो हजारो वर्षे तसाच राहतो. त्याचा आकारही मोडत नाही.

संशोधकांनी खणलेली माती पाण्यात कालवली. दगड-माती तळाशी बसली. कोळशाचे हलके दाणे वर तरंगले. आपल्या बाया धान्य धुताना पोचट दाणे वर काढून टाकतात, तीच ही युक्ती. ते दाणे गाळून, वाळवून गॉर्डन हिलमन या तज्ज्ञांनी भिंगाखाली पाहिले. हा गव्हाचा, हा मसुराचा, हा रानगवताचा, असे एकेक ओळखून काढले.

बाईच्या हातून सांडलेल्या दाण्याने एवढा इतिहास वाचवला!

४. रानातून शेताकडे

त्या जागी एकामागून एक अशा दोन वस्त्या झाल्या.

पहिली वस्ती सुमारे तेरा हजार वर्षांपूर्वीची. तेव्हा लोक जमिनीत खड्डे करून वर लाकूड आणि बोरू घालून झोपड्या करीत. ते शेतकरी नव्हते. रानात जे उगवेल ते गोळा करीत. दीडशेहून अधिक जातींच्या झाडाझुडपांचे आणि गवतांचे दाणे त्यांच्या चुलीजवळ सापडले. कोणते बी केव्हा पिकते, कोणते कडू, कोणते विषारी, याची त्यांना बारीक माहिती होती. ही माणसे अडाणी नव्हती. रान त्यांना तोंडपाठ होते.

मांसासाठी ते गॅझेल नावाचे हरिण मारीत. आपल्याकडचा चिंकारा हा त्याच हरणाचा भाऊबंद. दर वर्षी उन्हाळ्याच्या तोंडी या हरणांचे मोठे कळप त्या वाटेने उत्तरेकडे जात. तेव्हा सारे गाव शिकारीला निघे. नर, मादी, पिलू असा भेद न करता कळपच्या कळप मारीत. पहिल्या वस्तीत सापडलेल्या दहा हाडांपैकी आठ या हरणाची होती.

मग काळ पालटला. हवा थंड आणि कोरडी झाली. रानातले दाणे कमी पडू लागले. गव्हासारखे राय नावाचे एक धान्य असते. लोकांनी ते याच टंचाईत पेरून पाहिले असावे, असे हिलमन यांचे मत होते. काही अभ्यासकांना ते पटत नाही. पण पुढे त्याच जागी दुसरी वस्ती झाली, ती मात्र पक्क्या शेतकऱ्यांची होती. तिच्याबद्दल वाद नाही. ही दुसरी वस्ती सुमारे साडेदहा हजार वर्षांपूर्वीपासून आठ हजार वर्षांपूर्वीपर्यंत नांदली. आपला धडा मुख्यतः तिचाच आहे.

आता एक गोष्ट नीट समजून घ्या. रानातला गहू आणि शेतातला गहू यांत एक मोठा फरक आहे. रानगव्हाची ओंबी पिकली की तिचा कणा आपोआप तुटतो आणि दाणे गळून पडतात. गवताला ते सोयीचे असते. बी जमिनीवर पडते, पुन्हा उगवते. पण माणसाची पंचाईत होते. कापायला जावे तो अर्धे दाणे मातीत!

मात्र क्वचित एखादे झाड असे निघते, की त्याची ओंबी लवकर तुटत नाही. माणूस विळा घेऊन गेला की ही न गळलेली ओंबी त्याच्या हाती जास्त लागते. तीच घरी येते. तिच्यातलेच दाणे पुढच्या वर्षी पेरले जातात. असे पिढ्यान् पिढ्या, हजार-दोन हजार वर्षे चालले. हळूहळू शेतात न गळणारा गहूच जास्त झाला. कोणा एका शहाण्याने हे ठरवून केले नाही. पेरणाऱ्या आणि कापणाऱ्या हातांनी, नकळत, रानातले गवत शेताचे पीक केले.

दुसऱ्या वस्तीतले लोक दोन जातींचा गहू, जव आणि राय पिकवीत. मसूर आणि हरभराही त्यांच्याकडे होता. तिकडे पाऊस हिवाळ्यात पडतो. म्हणून पाऊस सुरू होताना पेरणी आणि उन्हाळा लागताना कापणी, असे त्यांचे वर्ष असे.

आता तुमच्या रब्बीच्या शेताकडे पाहा. गहू आहे, हरभरा आहे. कुठे मसूर आहे. ही पिके मूळची त्याच मुलखातली. सीरिया, तुर्कस्तान, इराक, इराण या पट्ट्यात ती प्रथम शेतात आली. तेथून हातोहात, गावोगाव करीत ती आपल्याकडे पोचली. पुणे जिल्ह्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी १९६८ पासून उत्खनन केले. तेथे तीन हजार वर्षांपूर्वीचे शेतकरी जव पिकवीत होते, असे दिसून आले. त्या जवाची मूळ जात पश्चिमेकडूनच आलेली. म्हणजे अबू हुरेऱ्याच्या शेतकऱ्याचे आणि आपले काही नाते नाही, असे म्हणता येणार नाही. आपण त्याच्यासारखीच पिके पेरतो.

बियाण्याची गोष्टही तीच. रानातून गोळा करणाऱ्याला उद्याची फिकीर थोडी. आज सापडले, आज खाल्ले. पण शेतकऱ्याला कणगीत धान्य असून उपाशी निजावे लागते. का? तर ते बियाणे असते. ते खाल्ले तर पुढचे वर्ष गेले. घरात पोर रडत असताना बियाण्याला हात न लावणे ही केवढी कठीण गोष्ट आहे, हे शेतकऱ्याला विचारा. ती कठीण गोष्ट माणूस त्या काळी शिकला. शेतीची विद्या म्हणजे नुसते पेरणे नव्हे. राखून ठेवणे हीदेखील शेतीचीच विद्या आहे.

५. घरे आणि गुरे

शेती आली तसे खड्ड्यातले राहणे गेले. लोकांनी मातीच्या कच्च्या विटा उन्हात वाळवून चौकोनी घरे बांधली. एका घरात लहान लहान चार-पाच खोल्या असत. घरे एकमेकांना लागून, मधून अरुंद बोळ. जमीन गिलावा करून घोटून गुळगुळीत केलेली. कोणी तिला काळा रंग देई, कोणी तांबड्या रंगाने नक्षी काढी. सारवलेल्या जमिनीची हौस ही अशी दहा हजार वर्षांची जुनी आहे.

गाव भरभराटीला आले तेव्हा तेथे पाच-सहा हजार माणसे राहत असावीत, असा अंदाज आहे. त्या काळी एवढे मोठे गाव ही नवलाची गोष्ट होती.

घरातले माणूस मेले की त्याला पुष्कळदा घरातच, जमिनीखाली पुरीत. आपल्याला हे ऐकून कसेसे वाटेल. पण आपल्या इनामगावचे जुने लोकही घरातच पुरीत. त्या लोकांना आपले मेलेले माणूस आपल्यापासून लांब नको होते, असे वाटते.

लोहार त्या गावात नव्हता, कारण लोखंडच माहीत नव्हते. तांब्याची हत्यारे नव्हती. विळे गारगोटीच्या धारदार तुकड्यांचे. काचेसारखा एक काळा दगड असतो, त्याची पाती फार धारदार होतात. तो दगड शेकडो मैलांवरून, तुर्कस्तानातून येई. म्हणजे देवाणघेवाण होती. गळ्यात घालायला रंगीत दगडांचे मणी होते. एवढ्या कष्टांत नटण्याची हौस होतीच!

हरणांचे मात्र पुढे वाईट झाले. पिढ्यान् पिढ्या कळपच्या कळप मारल्यावर कळप उरणार कोठून? दुसऱ्या वस्तीच्या मधल्या काळात हरणांची हाडे एकदम कमी होतात आणि शेळ्या-मेंढ्यांची हाडे वाढतात. शिकार संपली, तेव्हा लोकांनी पाळलेल्या जनावरांवर भर दिला. मादी आणि पिलू राखले तरच कळप वाढतो, हे शेळी पाळणाऱ्याला सांगावे लागत नाही. रानातल्या हरणांबाबत मात्र ते कोणी पाळले नाही.

६. हाडांवर लिहिलेले काम

आता मी ज्या गोष्टीसाठी हा धडा लिहायला घेतला, तिच्याकडे येतो.

घरांच्या जमिनीखाली जी माणसे पुरलेली होती, त्यांची हाडे लंडनच्या एका मोठ्या संग्रहालयात नेली. तेथे थेया मॉलेसन नावाच्या विदुषी होत्या. हाडे पाहून माणसाचे वय, दुखणे आणि काम ओळखण्याची विद्या त्यांना अवगत होती. माणूस रोज जे काम करतो, त्याची खूण हाडावर उमटते. हमालाच्या खांद्याची आणि शिंप्याच्या बोटांची घडण कामाप्रमाणे बदलते, तसेच हे.

मॉलेसनबाईंना कित्येक सांगाड्यांत एकाच तऱ्हेच्या खुणा आढळल्या. पायाच्या अंगठ्याचा सांधा झिजलेला, सुजून वाकडा झालेला. गुडघ्याच्या हाडाला जादा कंगोरे फुटलेले. पाठीचा खालचा मणका चेपलेला. दंडाच्या हाडावर बळकट स्नायूंच्या खुणा, त्याही दोन्ही दंडांवर सारख्या. त्या विचारात पडल्या. असे कोणते काम असेल, की ज्यात अंगठा, गुडघा, कंबर आणि दोन्ही दंड यांवर एकदम जोर पडतो?

उत्तर घरातच पडले होते. प्रत्येक वस्तीत दळायचे दगड सापडले होते.

फिरते जाते तेव्हा नव्हते. ते फार पुढे आले. तेव्हा होता तो आपल्या पाट्या-वरवंट्यासारखा दगड. खाली बसका, थोडा खोलगट पाटा. वर दोन्ही हातांत धरायचा वरवंटा. हा पाटा जमिनीवरच असे. बाई त्याच्यासमोर गुडघे टेकून बसे. पायाची बोटे खाली दुमडून जमिनीत रोवलेली. मग सगळ्या अंगाचा भार पुढे टाकून वरवंटा ढकलायचा. पुरा पुढे गेला की झटक्याने मागे ओढायचा. पुन्हा पुढे, पुन्हा मागे. आपल्या भगिनींनी चटणी वाटताना हे केलेले आहे. पण चटणी मूठभर असते. येथे सगळ्या घराचे पीठ त्यावर काढायचे असे. रोज कित्येक तास, आणि जन्मभर.

पुन्हा हे नुसते दळण नव्हे. त्या जुन्या गव्हाचे टरफल दाण्याला घट्ट चिकटलेले असे. म्हणून आधी भात कांडतो तसे कांडायचे, मग पाखडायचे, मग दळायचे. तयार पीठ साठवून चालत नसे. दळण रोजचे होते.

हे काम कोणाचे होते? मॉलेसनबाईंनी पायाच्या हाडांची मापे घेतली. झिजलेली हाडे बहुतेक करून बायकांची निघाली. क्वचित पुरुषाचीही होती. कोवळ्या वयाच्या मुलींच्या पाठीच्या मणक्यांवरही ताणाची खूण दिसली. म्हणजे दळण बालवयातच गळ्यात पडे. काही लहान मुलांच्या मानेचे मणके जाड झाले होते. ती डोक्यावर ओझी वाहत असावीत. लाकूड असेल, धान्य असेल.

मंडळी, शेती आली म्हणून गाव आले, वस्ती वाढली, हे आपण पुस्तकात वाचतो. ते खरेच आहे. पण पेरलेले धान्य नुसते खाता येत नाही. ते कोणीतरी दळावे लागते. शेतीच्या त्या मोठ्या शोधाची किंमत कोणीतरी आपल्या गुडघ्यांनी आणि पायाच्या अंगठ्यांनी भरली. आणि ती बहुतांशी घरातल्या बाईने भरली. हे कोणा कवीचे बोल नाहीत. हाडांची मापे घेऊन सांगितलेली ही गोष्ट आहे.

७. चाळण आणि मडके

पण त्या लोकांनी हात जोडून बसायचे ठरवले नाही. कष्ट कमी कसे होतील, हे ते शोधत राहिले.

दगडावर दळले की पिठात दगडाची कच येते. धान्यात खडाही राहतो. जुन्या काळच्या लोकांचे दात यामुळे झिजून सपाट झालेले आणि खड्यावर चावून फुटलेले सापडले. पुढच्या काळातल्या दातांत असे फुटणे बरेच कमी झाले. का? तेव्हा लोक बोरू आणि गवत विणून चाळणी करू लागले असावेत, असा तज्ज्ञांचा तर्क आहे. चाळण मातीत कुजून जाते, ती सापडायची नाही. पण विणलेल्या चटईचे ठसे सापडले आहेत. शिवाय काही जणांच्या पुढच्या दातांत खाचा पडलेल्या आहेत. विणताना काडी किंवा दोरा दातांत धरून ओढल्याने अशा खाचा पडतात. म्हणजे गावात विणकाम करणारी माणसे होती. एक साधी चाळण! पण तिने सगळ्या गावाचे दात वाचवले.

गावाच्या शेवटच्या काळात मातीचे भांडे आले. त्याआधी भाजणे होते, शिजवणे कठीण होते. मडके आल्यावर धान्य भिजवता आले, त्याची पेज करता आली. म्हाताऱ्यांना चावण्याचे कष्ट वाचले. मात्र मऊ, चिकट अन्न दातांत राहू लागले. मग दात झिजायचे कमी झाले आणि किडायचे वाढले. एक दुखणे गेले, दुसरे आले.

आणखी एक फरक पडला. पेज लहान मुलाला भरवता येते. त्यामुळे मूल अंगावरून लवकर तुटू लागले आणि आईला पुढचे मूल लवकर होऊ लागले, असे मॉलेसनबाईंनी म्हटले आहे. घरे भरली, गाव वाढले. पण खाणारी तोंडे वाढली तसे दळणही वाढले. म्हणून सांगतो, सुधारणा आली की दोन गोष्टी विचाराव्यात. हिच्यामुळे कोणाचे ओझे उतरले? आणि कोणाचे वाढले?

सुमारे आठ हजार वर्षांपूर्वी ते गाव ओस पडले. भिंती ढासळल्या. त्यांवर गवत उगवले. मेंढरे चरू लागली.

८. आपण काय करावे?

आता आपल्या गावात पिठाची गिरणी आहे. आईने जन्मभर ओढलेले जाते माझ्या अंगणात तुळशीपाशी पडले आहे. नातवंडे त्यावर बसून खेळतात. गिरणी आली हे फार चांगले झाले. कोणी म्हणतात, जात्यावरचे पीठ गोड. असेल. पण ज्याला जाते गोड वाटते त्याने आधी महिनाभर पहाटे उठून दळून पाहावे.

तरीही घरातली सगळी ओझी उतरली, असे समजू नका. पाण्याचा हंडा कोणाच्या डोक्यावर आहे? सरपणाची मोळी कोण आणते? शाळेच्या वेळी धाकट्या भावाला कडेवर घेऊन कोण बसते? हे आपल्या घरात पाहा. पाहिले आणि ओझे दिसले, तर त्याला हात लावा. पुरुषाने घागर उचलली तर त्याची हाडे मोडत नाहीत.

अबू हुरेऱ्याच्या बायांनी एक अक्षर लिहिले नाही. त्यांना लिहिता येणेच शक्य नव्हते. त्यांचे नाव कोणाला ठाऊक नाही. त्यांचे कष्ट कळायला दहा हजार वर्षे लागली आणि तेही हाडे उकरल्यावर कळले. माझी आईही निरक्षर होती. तिचा दिवस कोणी लिहून ठेवला नाही. मी मास्तर असून ठेवला नाही, याची मला आज खंत वाटते.

तुम्ही आता लिहायला शिकला आहात. तेव्हा एक काम करा. तुमच्या घरातल्या किंवा शेजारच्या एखाद्या वृद्ध आजीजवळ बसा. तिला विचारा, "आजी, तुम्ही तरुण होता तेव्हा सकाळी उठल्यापासून निजेपर्यंत काय काय करीत होता?" ती सांगेल ते तिच्याच शब्दांत लिहून काढा. शुद्धलेखनाची चिंता करू नका. खाली तिचे नाव घाला. लिहिलेले तिला वाचून दाखवा.

तिचे कष्ट कळायला कोणाला तिची हाडे उकरावी लागू नयेत.

शब्दांचे अर्थ

उत्खनन – जमीन बेताने खणून जुन्या वस्तू शोधणे
पांढर – जुन्या गावठाणाची जागा
ओंबी – गव्हाचे कणीस
बोरू – नदीकाठी उगवणारे पोकळ, लांब गवत
विदुषी – शिकलेली, विद्वान बाई
निरक्षर – लिहिता-वाचता न येणारी व्यक्ती

प्रश्न

१. अबू हुरेऱ्याचे टेकाड कसे तयार झाले?
२. जळलेला दाणा हजारो वर्षे का टिकतो?
३. रानातल्या आणि शेतातल्या गव्हाच्या ओंबीत कोणता फरक असतो?
४. दळणाचे काम बहुतेक बायकांचे होते, हे कशावरून कळले?
५. चाळण आल्याने काय फायदा झाला? मडके आल्याने काय फायदा आणि काय तोटा झाला?
६. तुमच्या घरात सर्वांत जड काम कोणते? ते कोण करते? चार ओळी लिहा.